पिनेच्या जागी तार

मोटार शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे मास्तरीण म्हणायचे. अठरा वर्षांत तिनं शेकडो लोकांच्या हाती स्टिअरिंग दिलं, पण कुणावर आवाज चढवला नाही. एकदा एका कारकुनानं गाडी थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली. तोंडाला साबण लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उडालं. मास्तरीण शांतपणे म्हणाली, "चला, आता रिव्हर्स कसा टाकतात ते बघू."

त्या महिन्यात ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. कंपनीच्या वर्कशॉपनं दहा दिवसांनंतरची तारीख दिली. दहा दिवस शिकवणी बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. खालच्या औषधवाल्यानं सुचवलं, "आमच्या वैद्याकडे द्या की. घरी येऊन गाडी घेऊन जातो."

हा वैद्य म्हणजे स्वतःच्या हिमतीवर काम करणारा मेकॅनिक. लाकडाच्या वखारीमागं त्याची पत्र्याची शेड होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची तपासणी, म्हणून लोक त्याला वैद्य म्हणायचे. जिभेवर साखर. मास्तरणीच्या गाडीची नाडी बघून म्हणाला, "हिला काही झालेलं नाही, मॅडम. ब्रेकचा सिलिंडर तेवढा बदलायचा. संध्याकाळी घेऊन जा."

संध्याकाळी शेडला कुलूप. दुसऱ्या दिवशी फोन बंद. तिसऱ्या दिवशी 'पार्ट वाटेत आहे'. चौथ्या दिवशी मास्तरणीला तिची गाडी भर बाजारात दिसली. 'शिकाऊ' पाटीच्या डोक्यावर दोरीनं बांधलेलं लाकडी कपाट, आणि आत वैद्य, शेजारी त्याचा मेव्हणा.

"टेस्ट घेतोय, मॅडम," वैद्य खिडकीतून म्हणाला. "वजनावर ब्रेक कसा लागतो ते बघायला नको?"

मास्तरीण हसली. चिडायचं सोडून हसली.

पाचव्या दिवशी गाडी मिळाली. पेडल घट्ट लागत होतं. तिनं दोन फेऱ्या मारून बघितलं आणि शनिवारी सकाळी पहिलीच शिकवणी घेतली ती धाकट्या बहिणीची.

धाकटी बेकरीत कामाला होती. पहाटे चारला भट्टीसमोर उभं राहायचं, दुपारपर्यंत पीठ मळायचं. मालकानं सांगितलं होतं, लायसन काढलंस तर पावाची व्हॅन तुझी. आईच्या मागं मास्तरणीनंच तिला वाढवली होती, त्यामुळे ती शिकताना सुद्धा भांडायची. "ताई, गिअर माझा मला टाकू दे. हात काढ."

पाण्याच्या टाकीपासून रस्ता सरळ खाली उतरतो. उतार निम्मा झाला तेव्हा धाकटीनं ब्रेक दाबला. पेडल जमिनीला टेकलं आणि तिथंच राहिलं.

"ताई, पेडल!"

शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरं पेडल असतं. मास्तरणीनं ते दोन्ही पायांनी दाबलं. तेही लुळं. दोन्ही पेडलं एकाच सळईला जोडलेली, आणि ती सळई निसटलेली होती. तिनं हँडब्रेक ओढला. मागची चाकं किंचाळली, गाडी आडवी फिरली आणि उजव्या अंगानं, म्हणजे धाकटीच्या बाजूनं, उभ्या टँकरच्या मागच्या लोखंडी बंपरवर जाऊन बसली.

आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा कुणी टाचेखाली चिरडावा तेवढाच. मग काचेचा पाऊस आणि मग धाकटीचा श्वास, फुटक्या नळीतून यावा तसा. तिचा जबडा स्टिअरिंगवर आपटून डावीकडे सरकला होता. मांडीवर दात पडले होते. डॅशबोर्डनं उजवा गुडघा सीटच्या लोखंडात दाबून धरला होता. लोकांनी पहार आणून दार तोडलं, पत्रा वाकवला. गुडघा मोकळा झाला तेव्हा धाकटी ओरडली. जबडा हलत नसल्यानं ते ओरडणं घशातूनच आलं. टँकरचा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून ओकला.

मास्तरणीला पट्ट्याचा वळ आणि मुरगळलेलं मनगट, बाकी ओरखडा नाही.

दवाखान्यात धाकटीला आत घेतलं. "पाच-सहा तास लागतील. गुडघ्याचं आत्ताच काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. मास्तरीण बाकावर बसेना. ती चालत क्रेनवाल्याच्या आवारात गेली. तिची गाडी तिथं आणून टाकली होती.

क्रेनवाला म्हातारा होता, अपघाताच्या गाड्या उचलण्यात जन्म गेलेला. तो टॉर्च घेऊन पेडलांपाशी आडवा झाला.

"ब्रेकचं काम कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"का?"

"सळईच्या पिनेला शेवटी एक बारीक कॉटर पिन असते. पैशापासरी मिळते. ती घातली नाही की मोठी पिन बाहेर येते. इथं पिनेच्या जागी तार पिळलीय. पोती शिवायची तार, बाई. तुटली." मग जीभ चावून म्हणाला, "हात लावू नका. पोलिसांना बघू दे."

तोवर तारेचा तुकडा तिच्या मुठीत होता. तिनं डिकी उघडून चाकाचा पाना काढला. क्रेनवाला मागून हाका मारत राहिला.

वखारीपर्यंत वीस मिनिटांची वाट. एवढ्या वेळात माणूस निवळतो. मास्तरीण निवळली नाही. पावलागणिक तिला बाजारातलं स्वतःचं हसू ऐकू येत होतं.

शेडमध्ये एक टॅक्सी पुढून जॅकवर उचललेली होती. खाली आधाराला घोडी लावलेली नव्हती. गाडीखालून वैद्याचे पाय बाहेर आले होते आणि तो शीळ घालत होता.

"वैद्य."

"कोण, मॅडम? गाडी झकास आहे ना?"

"कॉटर पिन कुठाय?"

शीळ थांबली. "ती होय? ऐन वेळी सापडेना हो. तात्पुरती तार लावलीय. येत्या आठवड्यात या, घालून देतो."

ते ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पाना दोन्ही हातांनी धरून त्याच्या नडगीवर घातला.

हाड मोडल्याचा आवाज तिला ओळखू आला. सकाळीच ऐकला होता. वैद्य गुरासारखा ओरडत कुशीवर वळून बाहेर सरपटला. तिनं दुसरा फटका खांद्यावर मारला. तिसऱ्याला त्यानं पाना धरला, तिला खाली खेचली आणि केस मुठीत धरून तिचं डोकं टॅक्सीच्या बंपरवर आपटलं. एकदा, दोनदा. तिचा भुवईवरचा भाग फुटला, डोळ्यात रक्त उतरलं.

"वेडी झालीस का, गं!" तो धापा टाकत होता. "मारशील की मला!"

"ती माझी बहीण होती गाडीत! बहीण होती!"

तिनं त्याच्या दंडाला दात लावले आणि मांस तोंडात येईपर्यंत सोडले नाहीत. त्यानं कोपर तिच्या नाकावर हाणलं. दोघं ऑइलच्या चिखलात लोळत होते, आणि त्या झोंबाझोंबीत कुणाची तरी लाथ जॅकला बसली. कुणाची, ते पुढे कोर्टातही ठरलं नाही. जॅक तिरका झाला. टॅक्सी कण्हल्यासारखी झाली आणि खाली आली.

वैद्याचा उजवा हात खाली राहिला.

आधी तो ओरडलाच नाही. हाताकडे बघत राहिला. मनगटापर्यंत हात होता, पुढं लोखंड होतं. मग त्यानं तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "उचला."

मास्तरीण गुडघ्यांवर उभी होती. नाकातलं रक्त तोंडात येत होतं. पाना हाताशी पडला होता, समोर त्याचं डोकं होतं, आणि तो हलू शकत नव्हता. हे सगळं तिला स्वच्छ दिसलं. किती वेळ ती तशी होती, तिचं तिला सांगता आलं नाही. मग तिनं जॅक ओढून घेतला, पुढच्या आडव्या पट्टीखाली सरकवला आणि दांडा फिरवायला लागली. मुरगळलेलं मनगट प्रत्येक फेऱ्याला कळा मारत होतं. टॅक्सी बोटभर उचलली. तिनं त्याला बगलेत हात घालून ओढलं. तीन बोटं लोखंडालाच चिकटून राहिली.

ओढणीनं त्याचं मनगट करकचून बांधलं आणि ती वखारीतल्या माणसांना बोलवायला धावली. कुणाला पत्ताच नव्हता. करवतीच्या आवाजात काही ऐकूच आलं नव्हतं.

पोलीस आले तेव्हा पाना तिनंच त्यांच्या हातात दिला.

दोन दिवसांनी एक महिला शिपाई तिला धाकटीला भेटवायला घेऊन गेली. धाकटीचा जबडा तारांनी बांधला होता, पाय प्लास्टरमध्ये. चेहरा भोपळ्याएवढा सुजलेला. तिनं वही मागून घेतली आणि लिहिलं, 'मारलंस त्याला?'

"हो."

धाकटीचं पेन जोरात चाललं, कागद फाटला. 'मला विचारलंस? गुडघा माझा गेला. दात माझे गेले. आता त्याचा वकील म्हणतोय की तार तूच घातलीस. तू गाडीला हात लावलास. आता कोण विश्वास ठेवणार? माझी केस तू बुडवलीस.'

मास्तरणीनं वाचलं. बोलायला तोंड उघडलं.

'जा,' धाकटीनं लिहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

तसंच झालं. क्रेनवाल्यानं तार पाहिली होती, पण ती कुणी घातली हे त्याला माहीत नव्हतं. वैद्य कोर्टात पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, मी पिन घातली होती, बाईंनीच नंतर खटपट केली असेल. त्याची बायको मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून रडत होती. ते रडणं खोटं नव्हतं. बोटं तर खरोखरच गेली होती.

मास्तरणीच्या वकिलानं तिला पढवलं. "भुवईवर नऊ टाके आहेत, नाक मोडलंय. सांगायचं, मी जाब विचारायला गेले, त्यानं हात टाकला, मी जीव वाचवला. पाना फक्त धाक दाखवायला नेला होता. साक्षीदार नाही. सुटाल."

तिची वेळ आली तेव्हा धाकटी कुबड्या घेऊन दारापाशी बसली होती. दीड महिन्यात दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पहिला फटका कुणी मारला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी," मास्तरीण म्हणाली. "तो गाडीखाली आडवा होता. त्याला मी दिसतही नव्हते. त्यानं मला मारलं ते नंतर, आणि ते माझ्यापासून सुटायला. मी त्याला चावले. गाडी पडल्यावर लगेच उचललीही नाही. त्याचं डोकं फोडावं असं वाटलं. ते वाटून झाल्यावर मग उचलली."

तिच्या वकिलानं कागदात डोकं घातलं.

"आणि तार?"

"तुटलेला तुकडा मी क्रेनच्या आवारात उपसला. घातली त्यानं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, तात्पुरती तार लावलीय, येत्या आठवड्यात या. त्यावरच मी पाना हाणला."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग वैद्याकडे वळले. "ही बाई स्वतःला वाचवायला एक शब्द खोटं बोलली नाही. आता तुम्ही सांगा. 'येत्या आठवड्यात या,' असं म्हणाला होतात की नाही?"

वैद्यानं वकिलाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "मॅडमनी हात बांधला नसता तर मी तिथंच गेलो असतो," तो पुटपुटला. कुणी हे विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "म्हणालो होतो. पिन सापडत नव्हती, साहेब."

मास्तरणीला दीड वर्षाची शिक्षा झाली. वैद्यालाही झाली, थोडी कमी. गाड्या शिकवायचा तिचा परवाना कायमचा रद्द झाला.

शिपाई तिला नेत होती तेव्हा धाकटी कुबड्या आपटत व्हरांड्यात आडवी आली. जबडा नुकताच सुटला होता. शब्द ओठांच्या एका कडेनं, अडखळत यायचे.

"वकिलाचं ऐकलं असतंस तर आज घरी आली असतीस."

"हो."

"मूर्ख आहेस."

"हो."

धाकटी तिच्याकडे बघत उभी राहिली. मोडून बसलेलं नाक, भुवईवरचा जांभळा व्रण. मग तिनं एक कुबडी भिंतीला टेकवली, मोकळ्या झालेल्या हातानं बहिणीचा दंड धरला आणि शिपायाला म्हणाली, "हळू चला जरा. मला जिन्यापर्यंत यायचंय."

शिपाई हळू चालू लागली.