भेट देणाऱ्यांची नोंदवही

शेषेराव औशाहून गाडी घेऊन थेट नांदेडला आमच्या दारात आले, तेव्हा मला आधी बरंच वाटलं. निवृत्त ग्रंथपालाकडे सहसा कुणी येत नाही. मी लातूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. त्या काळात शेषेरावांनी आमच्या वाचनकक्षाला दोन लोखंडी कपाटं भेट दिली होती. त्यांची स्वतःची शिक्षणसंस्था आहे, औशाच्या पलीकडे एका गावात शाळा आहे. माझ्यासारख्या माणसाला ते नावाने ओळखतात, याचंच मला तेव्हा अप्रूप होतं.

माझ्या बायकोने, चंद्रप्रभाने, सुशीला केला. चुरमुरे भिजवून त्यावर शेंगदाण्याचा कूट आणि कोथिंबीर. शेषेरावांनी दोन घास खाल्ले आणि बशी खाली ठेवली.

"वहिनी, लई दिवसांनी असा सुशीला खाल्ला. पर मी खायला न्हाई आलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रेणुकादासराव, ती तुमची नोंदवही काढा."

"कुठली नोंदवही?"

"आता मलाच विचारता का? ब्लॉगची. तुम्हीच फोटो टाकला होता की तिचा."

टाकला होता. इथे मला माझा मूर्खपणा सांगितला पाहिजे.

निवृत्त झाल्यावर माझ्या मुलीने, मुग्धाने, पुण्याहून मला एक ब्लॉग करून दिला. जुन्या पुस्तकांबद्दल मी तिथे लिहितो. चांगलं लिहितो असं नाही. बऱ्याच वेळा लिहिलेलं पुसतो आणि पुसलेलं परत लिहितो. पण लोक येऊ लागले. बाजूला एक चौकट होती, तिच्यात आत्ता कोण वाचतंय त्यांची गावं दिसत: लातूर, लोहा, औसा. एकदा 'इस्लापूर – १' असं दिसलं, तेव्हा मी चंद्रप्रभाला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत आणलं होतं. सहस्रकुंडाजवळच्या त्या गावात कुणीतरी बसून माझं वाचत होतं.

अभिप्राय लिहायचा तर नाव, ईमेल आणि मोबाइल द्यावा लागे. मोबाइलचा रकाना मीच मुग्धाला घालायला लावला होता. कारण काय, तर वाचनालयाच्या सभासद अर्जात तो असतो. आणि वाचनालयात जसं दारात टेबलावर भेट देणाऱ्यांची नोंदवही असते, तशी मी ब्लॉगलाही एक ठेवली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. ज्याने ज्याने अभिप्राय लिहिला त्याचं खरं नाव, टोपणनाव, ईमेल, मोबाइल, तारीख हे सगळं पडद्यावरून बघून शाईच्या पेनाने उतरवत असे. वाचकाला पडद्यावर फक्त टोपणनाव दिसायचं, बाकीचं फक्त मला. मला ते नीटनेटकं काम वाटायचं. इतकं, की ब्लॉगला पाच वर्षं झाली तेव्हा त्या वहीच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकून मी लिहिलं होतं, "माझ्या दारात आलेल्या एकूण एक वाचकाची नोंद माझ्याकडे आहे."

शेषेरावांनी ते वाचलं होतं.

"मार्चचं पान काढा," ते म्हणाले. "तो 'चाफा' नावाचा कोन हाय, तेवढं बघतो नि जातो."

मार्चमध्ये मी शाळांमधल्या वाचनालयांवर लिहिलं होतं. त्याखाली 'चाफा' या टोपणनावाने चार ओळी आल्या होत्या. आमच्या शाळेच्या वाचनालयाला बाराही महिने कुलूप असतं. तपासणीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून पुस्तकं येतात आणि तपासणी झाली की परत जातात. मुलं विचारतात, पुस्तकं कुठं गेली? मी त्यांना काय सांगू? शाळेचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं. पण ते फिरत फिरत शिक्षण खात्यातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर गेलं आणि तिथून शेषेरावांना विचारणा झाली.

"त्यात शाळेचं नाव नाही," मी म्हणालो.

"टेम्पो कुनाचा हाय ते मला ठावं न्हाई का? आन् तुमच्या त्या चौकटीत औसा दिसून राहिलं होतं. माझ्याकडं सात जण शिकवतात. त्यातला एक घरचा भेदी हाय. नाव कळलं तर एकट्याला घरी बसवीन. न्हाई कळलं तर सातांनाबी बसवीन. मग बसा तुम्ही पुस्तकं वाचत."

वही त्यांच्या हाताच्या अंतरावर होती, रेडिओच्या शेजारी. त्यांनी हात पुढे केला. मी आयुष्यात कधी कुणाच्या हातातून काही ओढलेलं नाही. एवढंच झालं की मी उठलो, वही घेतली आणि छातीशी धरून परत बसलो. शाळेतलं पोर दप्तर धरतं तसं.

"देत नाही," मी म्हणालो.

शेषेराव हसले. "सर, दोन हजार अकरा साल आठवतं का?"

आठवत होतं. ते विसरण्यासाठीच मी इतकी पुस्तकं वाचली असं कधी कधी वाटतं. त्या वर्षी त्यांच्या शाळेची तपासणी होती, आणि पुस्तकांची यादी तपासून द्यायला त्यांनी मला लातूरहून नेलं होतं. पुस्तकं होती. नवी कोरी कपाटं भरून होती. मी एक उघडलं, आतल्या पानावर दुसऱ्याच शाळेचा शिक्का. दुसरं उघडलं, तोच शिक्का. बाहेर टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर टायरवर पाय ठेवून तंबाखू मळत होता. मी यादीच्या शेवटच्या पानावर सही केली आणि येताना त्यांच्याच गाडीतून आलो.

"त्या कागदावर तुमची सही हाय. मी बुडालो तर तुमालाबी घेऊन बुडतो. लोक तुमाला लई सज्जन समजून राहिलेत, त्यांना कळंल." ते उठले. "सोमवारी परत येतो. इचार करा. वहिनी, चहा फक्कड होता."

गाडी गेल्यावर चंद्रप्रभा बशा उचलत म्हणाली, "सव्वीस वर्षं लोकांना 'शांतता राखा' सांगितलंत, ते स्वतःच्याच अंगी लावून घेतलंत होय? मला सहीचं कधी बोलला नाहीत."

"लाज वाटत होती."

"वाटायलाच पाहिजे," ती म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, निदान चाफ्याला सावध करावं. वहीत नंबर होता. चाफा कोण, बाई की बाप्या, कुठल्या वर्गाला शिकवतो, हे मी इथेही लिहिणार नाही, आणि टोपणनावही मी बदललेलं आहे. मी फोन लावला, नाव सांगितलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"सर, माझा नंबर तुमच्याकडे कसा?"

"तुम्हीच अभिप्रायाच्या वेळी दिला होता."

"तो दिल्याशिवाय अभिप्राय पुढं जातच नव्हता. पण तुमच्या त्या पानावर लिहिलंय ना, आम्ही आपली वैयक्तिक माहिती साठवत नाही, कुणाला देत नाही. मी दोनदा वाचलं सर. ते वाचलं म्हणून लिहिलं. नाहीतर माझ्यात कुठली आली हिंमत?"

"कुठलं पान?"

आता पलीकडचा आवाज बदलला. "तुम्हाला तुमचं पान माहीत नाही?"

नव्हतं. ब्लॉगच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'गोपनीयता धोरण' असं लिहिलेलं आहे, ते मी पाच वर्षांत उघडलं नव्हतं. मुग्धाने कुठूनतरी तयार मजकूर आणून लावला होता. सगळे लावतात म्हणून. हजारो पुस्तकं वाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या दारावरची पाटी वाचली नव्हती, आणि एका माणसाने तिच्यावर विश्वास ठेवून आपली नोकरी पणाला लावली होती.

"सर, ती वही कुणाला देऊ नका," एवढंच बोलून फोन बंद झाला.

मी ते पान उघडलं आणि मुग्धाला फोन केला. तिला एकेक वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, हे खरं आहे का.

"बाबा, ते कुणी वाचत नाही."

"एकाने वाचलं. कुकी म्हणजे काय ते सांग."

"कुणी ब्लॉग उघडला की त्याच्याच मोबाइलमध्ये एक छोटी नोंद ठेवली जाते. परत आला की ओळखू येतो. तुमची ती गावांची चौकट आहे ना, ती दुसऱ्या कंपनीची आहे. तिची कुकी तर वाचक आणखी कुठे कुठे फिरतो तेही बघत असणार."

"म्हणजे मी माझ्या वाचकांच्या मागे माणूस सोडला होता."

"असं म्हणू नका हो बाबा."

"काढून टाक."

"मग कोण येतं, कुठून येतं, काहीच कळणार नाही. इस्लापूरसुद्धा."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? "काढ," म्हणालो. मग तिने एकेक सांगितलं आणि मी एकेक केलं. चौकट गेली. अभिप्रायाचे ईमेलचे आणि मोबाइलचे रकाने गेले, नावाचीही सक्ती गेली. जुन्या सगळ्या अभिप्रायांमागचे पत्ते पुसले. त्यात दुपार गेली.

उरली वही. वाचनालयात पुस्तक बाद करायचं तर ठराव लागतो, कारण लिहावं लागतं, सही लागते. तशी पद्धतच आहे. मी कागद घेऊन लिहिलं: "नोंदवही एक, पाने दोनशे. ठेवायलाच नको होती, सबब बाद." आणि सही केली. मग मी काडेपेटी शोधू लागलो.

"जाळता कशाला?" चंद्रप्रभा म्हणाली. "इकडे आणा." तिने वहीचा पुठ्ठा फाडून बाजूला टाकला आणि पानांचे तुकडे करून बादलीत टाकायला लागली. मीही बसलो. शाई पाण्यात सुटली, पाणी निळं झालं. कोणता नंबर कुणाचा, कोण कुठलं, सगळं एकमेकांत गेलं.

"आई अशा लगद्याच्या टोपल्या करायची," ती म्हणाली. "मेथ्या भिजत घातल्यात. उद्या दोन्ही वाटते."

दुसऱ्या दिवशी लगदा पाट्यावर वाटला, मेथ्यांचं वाटण त्यात मिसळलं आणि एका पालथ्या पातेल्यावर थापून तिने गच्चीवर उन्हात ठेवला. नांदेडचं ऊन, दोन दिवसांत टोपली खडखडीत वाळली. रंग फिकट निळा आला होता.

त्या दोन दिवसांत मी ते पान नव्याने लिहिलं. किती वेळा पुसलं ते सांगत नाही. शेवटी जे राहिलं ते असं होतं:

"या ब्लॉगवर तुमचं नाव, ईमेल, नंबर मागितला जात नाही. तुमच्या मोबाइलमध्ये मी काही ठेवत नाही. तुम्ही कुठून वाचता हे मला कळत नाही आणि कळून घ्यायचं नाही. ज्या कंपनीच्या यंत्रावर हा ब्लॉग आहे ती काय नोंदवते, ते मला पूर्ण माहीत नाही, म्हणून त्याची हमी मी देत नाही. पूर्वी इथे 'माहिती साठवत नाही' असं लिहिलेलं होतं. ते खोटं होतं. मी एका वहीत सगळं उतरवत होतो. कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्या वहीतलं कुणालाही दाखवलेलं नाही. ती वही आता नाही. ज्यांची नावं तिच्यात होती त्यांची मी क्षमा मागतो."

आणि खाली आणखी एक:

"एक नाव मात्र देतो, कारण ते माझं आहे. दोन हजार अकरा साली औसा तालुक्यातल्या एका शाळेत तपासणीच्या दिवशी टेम्पोतून आणलेली पुस्तकं मी पाहिली. त्यांवर दुसऱ्या शाळेचा शिक्का होता. तरी यादीवर सही केली. टेम्पोबद्दल कोण बोललं हे कुणाला शोधायचं असेल, तर तो मी, रेणुकादास, निवृत्त ग्रंथपाल. हेच मी शिक्षणाधिकाऱ्यांनाही लेखी कळवलं आहे, शाळेच्या नावासकट."

पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं होतं. पावती खिशात होती.

सोमवारी शेषेराव आले. बसले नाहीत.

"काढली का वही?"

मी आत जाऊन टोपली आणली आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय हाय?"

"वही. दोनशे पानं आहेत, एकही कमी नाही. बघा, चाफा सापडतो का."

त्यांनी टोपली उचलली, उलटी केली, नखाने खरवडली. "मस्करी करून राहिलात का, मास्तर? तुमच्या सहीचा कागद उद्या सगळ्या औशात वाटतो."

"कालपासून तो सगळ्यांना वाचायला आहे. तळाशी, बारीक अक्षरात. बारीक अक्षरंही वाचत जा शेषेराव, मीही आताच शिकलो."

त्यांनी मोबाइल काढला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर त्यांनी मान वर केली.

"शिक्षणाधिकाऱ्याला? शाळेचं नाव घालून?"

"हो."

"सोताच्या हातानं सोताचंच तोंड काळं केलं तुम्ही! कुनासाठी? ज्याला कधी पाहिलं न्हाई त्याच्यासाठी?"

"त्याने माझ्या दारावरची पाटी वाचून आत पाऊल टाकलं होतं," मी म्हणालो. "आता सातांना काढलंत तर आठवा साक्षीदार म्हणून मी आहेच. बोलावतील तिथे येईन. लातूरला, मुंबईला, कुठेही. मला गाडी पाठवू नका, मी एस.टी.ने येतो."

एवढं मोठं वाक्य मी कुणासमोर उभा राहून कधी बोललो नव्हतो. चंद्रप्रभा दारात उभी होती. ती म्हणाली, "शेषेरावभाऊ, टोपली ठेवा खाली. कांदे ठेवायचे आहेत तिच्यात."

ते गेले.

पंधरा दिवसांनी मला जबाबासाठी बोलावणं आलं. त्याचं काय होईल, माझ्यावर काय येईल, मला माहीत नाही. दोन जुन्या सहकाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं आहे. ते मला समजतं, मीही उचलला नसता.

ब्लॉगवर आता बाजूला काहीच दिसत नाही. कोण येतं, येतं की नाही, कळत नाही. परवा मात्र त्या पानाखाली एक अभिप्राय आला. नावाची जागा रिकामी होती. लिहिलं होतं, "वाचनालयाचं कुलूप काल उघडलं. आत कपाटं रिकामी आहेत. आम्ही घरून पुस्तकं आणायला सुरुवात केली आहे."

कुणी लिहिलं, मला माहीत नाही. खाली मी उत्तर लिहिलं, "माझ्याकडची चाळीस पाठवतो. कुठे पाठवू ते सांगू नका. औशाच्या बसस्थानकावर गठ्ठा ठेवून जाईन, ज्याला हवा त्याने न्यावा."

पुस्तकांवर मी माझा शिक्का मारलेला नाही.