रिकामा सिलेंडर

पाच मजले चढून मिस्त्रींनी गच्चीवर मशीन टेकवलं आणि तेही भिंतीला टेकले. लिफ्ट बंद. पहिल्या खेपेला हत्यारं आणली, दुसऱ्या खेपेला एसीतला जुना गॅस ओढून घेणारं हे धूड. गुडघे नुसते ठणकत होते.

चौतीस वर्षांत त्यांनी असलं काही केलं नव्हतं. नट सैल करायचा, फुस्स, दोन मिनिटांत गॅस हवेत आणि आपण मोकळे.

पण लेक कचेरीत तक्ता बनवत होती. वीज, वाहनं, शेती, कारखाने, इमारती. हवा तापवणारे वायू कोण किती कमी करू शकेल याचा. जो तो म्हणे, आमच्याकडे वाव नाही, शेजारच्या खात्याला विचारा. वैतागून तिनं जेवताना बापालाच गाठलं, "बाबा, शंभरातले किती मिस्त्री जुना गॅस भरून घेतात?"

"एकही नाही. वेड लागलंय का आम्हाला?" ते हसले.

ती हसली नाही. "एक किलो सोडला ना, की मोटार हजारो किलोमीटर पळवल्याइतकी हवा तापते," एवढंच म्हणाली आणि ताट तसंच टाकून उठली. ते उठणं त्यांच्या मनातून जाईना. म्हणून मशीन मागून आणलं.

आता ते खालच्या दवाखान्याच्या एसीला जोडायला घेतलं, तर गॅस भरायचा रिकामा सिलेंडर खाली गाडीतच!

"देवा रे," ते पुटपुटले.

दवाखान्यातल्या बाई डोकावल्या. "मिस्त्री, तासाभरात पेशंट येतील हो."

"होतंय, बाई."

बाई गेल्या. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. गॅसला ना रंग, ना वास. त्यांनी पाना एसीच्या नटाला लावला, जरासा फिरवला. फुस्स... ओळखीचा आवाज. आणि लेकीचं ते टाकलेलं ताट डोळ्यांपुढे आलं. आज एकदा सूट घेतली की उद्याही घेणार, हे त्यांना ठाऊक होतं. नट पुन्हा आवळला, कठड्याला धरून जिना उतरले.

"काय मिस्त्री, बिऱ्हाड हलवताय का वर?" वॉचमन म्हणाला.

"पोरीनं हलवायला लावलंय, बाबा."

सिलेंडर खांद्यावर घेऊन, दर मजल्याला बसत, ते वर पोचले. मशीन घरघरू लागलं. काटा हळूहळू सरकत होता, तोच फोन वाजला.

"बाबा, मिस्त्रींचा तो रकाना आज द्यायचाय. शून्यच लिहू ना?"

त्यांना अजून धाप लागलेली होती. "एक लिही."

"एक? कोण?" मशीनची घरघर पलीकडे तिला ऐकू गेली असावी. आवाज मऊ झाला. "एकावरून टक्का निघत नाही, बाबा."

"मग तळाला बारीक अक्षरात लिही, एकजण सापडला म्हणून. आणि संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळून दे. जिना अजून उतरायचाय मला."