पूर्वपरवानगीचा झटका

डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या सरांनी दोनदा वाचली, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि मुलीच्या आईला म्हणाले, "यात फेफऱ्याचा झटका कधी येणार ते लिहिलेलंच नाही."

"सर, तो सांगून येत नाही. आला तर हिला कुशीवर वळवायचं आणि थांबेपर्यंत जवळ बसायचं, एवढंच."

"अहो, आमच्या शाळेत सहलसुद्धा अर्जाशिवाय निघत नाही!"

मोठे सर काही दुष्ट नव्हते. न विचारता घडणाऱ्या गोष्टींची मात्र त्यांना भारी धास्ती. त्यांनी नियमच करून टाकला. तिसरीतल्या या मुलीने झटक्यासाठी तीन दिवस आधी अर्ज द्यावा. बिनपरवानगी झटका आला, तर तिची रवानगी खेळाच्या खोलीत. तिथे गाद्या होत्या, पडली तरी लागणार नव्हतं. तिथेच तिने एकटीने शिकावं, बाई अधूनमधून डोकावतील.

वर्गात मुलीच्या बाकावर तिची मैत्रीण टकळी बसायची. टकळीशिवाय शाळेत काय राम होता?

तिने गोल गोल अक्षरात अर्ज लिहिला. त्यावर शिक्का बसला : बुधवार, सकाळी अकरा, पाच मिनिटे मंजूर.

बुधवारी सगळे खेळाच्या खोलीत वेळेवर हजर होते. शिपाईमामांनी उशी आणली, बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. मुलगी गादीवर आडवी होऊन वाट बघत राहिली. अकरा वाजून गेले, सव्वाअकरा झाले. झटक्याचा पत्ता नाही. शिपाईमामांना तेवढी एक डुलकी लागली.

"मंजूर करूनही घेतला नाहीस," मोठे सर दुखावून म्हणाले. "आता सोमवार. तेव्हाही नाही आला, तर कायमची इथेच."

आता आली का पंचाईत! नाटक करावं, तर तिने स्वतःचा झटका कधी पाहिलाच नव्हता. टकळीने मात्र दोनदा पाहिला होता. पाण्याच्या टाकीमागे टकळीने तिला तो शिकवला. "हात असे आखडतात. डोळे वर. अगं, हसू नकोस ना!"

सोमवारी अकराच्या ठोक्याला मुलगी आखडली, थरथरली आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी उठून बसली. फ्रॉकला सुरकुतीही नव्हती. मोठ्या सरांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारी वजाबाकी चालली होती आणि खरा झटका आला. मुलगी बाकावरून खाली कोसळली. बाई खडू हातात घेऊन फळ्यापाशीच थिजल्या. टकळीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली दप्तर सरकवलं आणि ती जवळ बसून राहिली.

मुलीने डोळे उघडले, तेव्हा मोठे सर तिच्या डोक्याशी उभे होते. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, जीभ चावली गेली होती, फ्रॉक ओला झाला होता.

"छे, छे," मोठे सर म्हणाले. "खरा झटका आपण सोमवारी पाहिला. किती नीटनेटका होता! हे भलतंच काहीतरी आहे. खरं सांग, झटका होता की नाटक? झटका असेल, तर उचल दप्तर आणि चल खेळाच्या खोलीत."

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

"सर, मी स्वतः बघितलं, ती..." टकळीने सुरुवात केली. मुलीने तिचा हात दाबला.

"नाटक होतं, सर."

"वाटलंच! तास संपेपर्यंत उभी राहा. आणि यापुढे झटका आला, तर सोमवारसारखा यायला हवा."

"हो, सर."

ती बाकाची कड धरून उभी राहिली. तिची जागा वाचली होती, आणि तिला हुंदका आवरत नव्हता.