थेंबभर रक्त

घड्याळजी सभागृहात पहिल्या रांगेत बसला होता आणि त्याच्या मांडीवर रिकामा पिंजरा होता. व्याख्यान संपले की धाकट्या भावाच्या प्रयोगशाळेतून आपला 'उस्ताद' घरी न्यायचा, असा त्याचा पक्का बेत होता. उस्ताद म्हणजे फिंच जातीच्या गाणाऱ्या पाखराचा मूठभर नर. तो अंड्यातून निघाला तेव्हा जगेल असे कोणालाच वाटले नव्हते. घड्याळजीने घड्याळाच्या चिमट्याने दाणे भरवून त्याला वाढवले होते.

"दादा, पिंजरा खाली ठेवा हो," शेजारी बसलेली भावजय, धाकट्याची बायको, म्हणाली. "लोकांना वाटेल, जादूचे प्रयोग आहेत."

"असू दे. वाट कशाला बघायला लावायची त्याला?"

पक्षी न्यायला धाकटा स्वतः घरी आला होता. "थेंबभर रक्त काढायचं, दादा, बस्स! त्याला कळणारही नाही." त्यानंतर मात्र पक्षी परत मागितला की आज हवा गार आहे, उद्या तपासणी आहे, असे चालले होते. घड्याळजीने संशय धरला नाही. संशयाला आधार लागतो, आणि ज्याला आपण बोट धरून चालायला शिकवले त्याच्याविरुद्ध आधार शोधत बसण्याची माणसाला सवय नसते.

पडद्यावर एका पेशीचे चित्र उमटले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळे ठिपके आणि त्यांत एक लांबलचक लाल दोरा. टाळ्यांचा कडकडाट झाला. घड्याळजीनेही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

"हे गुणसूत्र," धाकटा सांगू लागला, "गाणाऱ्या पक्ष्यांच्या फक्त प्रजननपेशींत राहतं. बाकी शरीरातून ते पिल्लू अंड्यात असतानाच काढून टाकलं जातं. रक्ताच्या कितीही नळ्या तपासा, सापडायचं नाही. नरात पाहायचं तर पोटातले वृषणच काढावे लागतात. हा नर घरात पाळलेला होता."

घड्याळजीने शेवटचा शब्द मनाशी पुन्हा उच्चारला: होता. मग तो भावजयीकडे वळला.

"रक्तात नसतंच म्हणतोय तो. मग थेंब कशाला मागितला?"

भावजयीने पर्स उघडली, काहीच न काढता मिटली.

"तुलाही ठाऊक होतं?"

"हे म्हणाले, सवडीनं मीच सांगतो."

व्याख्यानानंतर धाकटा हसतमुखाने बाहेर आला. पिंजरा दिसताच त्याचा चेहरा उतरला.

"दादा, रागावू नकोस. भूल देऊन केलं सगळं. आणि तुला खरं सांगितलं असतं, तर तू नाही म्हणाला असतास."

"हो. नाहीच म्हणालो असतो."

"मग? काय करायला हवं होतं मी?"

"परत जायला हवं होतंस. रिकाम्या हातानं."

 धाकटा आवाज खाली आणून म्हणाला, "आता झालं ते झालं. पण हे गुणसूत्र बहुधा आईकडून येतं. उस्तादची आई आहे ना अजून तुझ्याकडे? तिच्याशिवाय काम अर्धवट राहील, रे."

घड्याळजीने हात पुढे केला.

"माझ्या घराची किल्ली."

"एवढ्याशा पाखरापायी?"

"किल्ली दे."

धाकट्याने जुडगा काढला. पण कडी काही केल्या फाकेना. अखेर घड्याळजीने जुडगा त्याच्या हातून घेतला, नखाने कडी फाकवली, आपली किल्ली सोडवून घेतली आणि उरलेला जुडगा भावजयीच्या हाती दिला.