फुकटच न्या ना

मी एक जुनी स्कूटर आहे. रंग चिंचोक्यासारखा तपकिरी, उजव्या आरशाला तडा, आणि किक मारली की आधी खोकणार, मग चालू होणार. वयाची बारा वर्षं उलटून गेली. माणसांत हे वय शाळेत जायचं असतं. आमच्यात मात्र एवढ्यातच लोक चाकं बघायची सोडून वजन बघायला लागतात. मित्रांनो, हसू नका. तुमच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे ना, तिला जाऊन विचारा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही, आवाज फार होता एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते कर्वेनगरात, विमलाबाईंनी मला घेतलं तेव्हा. विमलाबाई मूळच्या यवतमाळकडच्या, लग्न होऊन पुण्यात आलेल्या. त्या बालवाडीत शिकवायच्या. पन्नाशी जवळ आल्यावर त्यांनी स्वतःच्या पगारातून मला घेतलं आणि गाडीच्या पुस्तकावर नावही स्वतःचंच लावलं. त्यांचे यजमान रंगनाथराव शोरूममध्ये म्हणाले, "घे घे. सर्कशीत जागा निघाली की लगेच अर्ज करू." आठवडाभर मैदानावर पडत-उठत विमलाबाईंनी मला चालवायला शिकून घेतलं, आणि सोमवारी माझ्यावर बसून बालवाडीत गेल्या.

रंगनाथरावांबद्दल आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस वाईट नाही. पण सरळ बोलणं त्यांना जमतच नाही. वॉचमन खुर्चीत पेंगत असला की म्हणणार, "बसा बसा, उठू नका. चोर आले तर त्यांना चहा विचारा म्हणजे झालं." वॉचमन लगेच उठून उभा राहणार. पुण्यात राहिलेल्या माणसाला हे बोलणं उलटं करून ऐकायची सवय असते.

विमलाबाईंनी मला जीव लावला. पायाशी खेळण्यांची पिशवी, हँडलला भाजीची पिशवी, मागे कधी ताप आलेलं बालवाडीतलं एखादं पोर. मी कधी रस्त्यात रुसले नाही. दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि चाकाखाली लिंबू. "माझं विमान आहे हे," असं त्या शेजारणींना सांगायच्या. उडत नव्हते, पण मला बरं वाटायचं.

मग त्यांचा गुडघा गेला. मला स्टँडवर चढवताना त्या ओठ दाबून धरायच्या. एक दिवस चढवता आलं नाही आणि मी त्यांच्या अंगावर कलले. त्यानंतर मी उभीच राहिले, त्यांच्या तळमजल्याच्या खिडकीखाली, वर जुनी चादर. चादरीवर कबुतरं. टायर बसले, बॅटरी गेली. खिडकीतून घरातलं सगळं ऐकू यायचं तेवढाच विरंगुळा. म्हणून पुढचं सांगते ते ऐकीव नाही, कानांनी ऐकलेलं आहे.

अशात सोसायटीने फर्मान काढलं की वापरात नसलेल्या गाड्या महिनाअखेर हलवा. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला हजर. त्याने मला मागून उचलून बघितलं आणि म्हणाला, "दोन हजार देतो काकू. यात लोखंड आहे कुठं?" बारा वर्षं चाकरी केली, आणि शेवटी लोखंड कमी पडलं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. विमलाबाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी मेकॅनिक बोलावून मला चालू करून घेतलं आणि रंगनाथरावांना जाहिरात टाकायला लावली. भाव ठेवला वीस हजार. महिना संपायला आला तरी कुणी फिरकलं नाही. भंगारवाला मात्र रोज गेटावरून हाक मारून जायचा.

शेवटी एका रविवारी सकाळी एक मुलगी आली. पुण्यातल्या मुली बांधतात तसा डोक्याला, तोंडाला स्कार्फ, वर गॉगल. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली, टायर दाबून पाहिले, किक मारली आणि कान लावून माझा खोकला ऐकत बसली. डॉक्टरही इतक्या मनापासून ऐकत नाहीत.

"काका, नमस्कार. कृपया गाडीचा भाव सांगा," ती म्हणाली. मराठी अगदी धड्यातली.

"वीस हजार. जाहिरातीत लिहिलंय," रंगनाथराव म्हणाले. "आणि तोंड बांधून भाव विचारतेस, दरोडा घालायला आली आहेस का?"

मग मुलीने स्कार्फ सोडला. ती आफ्रिकेतली होती. काळाभोर चेहरा, बारीक वेण्या, आणि डोळ्यांत धाकधूक.

"आता परत सांगा, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "फोनवर लोक पंचवीस सांगतात. मी जाते, स्कार्फ काढते, मग चाळीस होतात. तीन ठिकाणी असं झालं."

रंगनाथरावांनी चष्मा वर केला. "वीसच. तोंडाचे पैसे मी वेगळे घेत नाही."

ती हसली. अशी हसली की मला माझा तडा गेलेला आरसासुद्धा पुसून घ्यावासा वाटला. मग तिने सगळं सांगितलं. नाव आफी, देश टोगो. शुक्रवारी जन्मली म्हणून आफी. आपल्याकडे पेठांना वार असतात, तिकडे माणसांना. तिचे वडील तिकडे मोटरसायकलवरून प्रवासी ने-आण करतात, म्हणून तिला इंजिनाचं कळतं. ती खराडीतल्या एका कंपनीत फ्रेंच बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घेते आणि इथे कर्वेनगरात मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. कंपनीची गाडी पुढच्या महिन्यापासून बंद होणार होती. काम सुटतं रात्री, आणि त्या वेळी रिक्षावालेही तोंड बघून भाडं सांगतात. स्वतःची गाडी झाली तर नोकरी टिकणार, नाहीतर परत जावं लागणार. वाहन परवाना तिने काढला होता. गाडी तेवढी मिळत नव्हती.

"काका, माझ्याकडे पंधरा आहेत," ती म्हणाली. "थोडं कमी होईल का?"

झालं. घासाघीस म्हणजे रंगनाथरावांची दुखरी नस. ते म्हणाले, "कमी कशाला? फुकटच न्या ना. वर पेट्रोलही भरून देतो."

आफी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. तिने छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, देव तुमचं भलं करो." आणि रंगनाथरावांनी तोंड उघडायच्या आत ती दारच्या पायऱ्या चढून घरात गेली, विमलाबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, काकांनी मला गाडी दिली. पैसे नको म्हणाले. काका किती चांगले आहेत."

रंगनाथराव माझ्या सीटवर हात टेकून उभे राहिले. सत्तरीला आलेला माणूस, पण मुंज झालेल्या बटूसारखा गोंधळला होता. मी तर गारच पडले. आता ते सांगणार की अगं, ती थट्टा होती. मग ती जाणार, आणि गेटावर भंगारवाला आहेच.

विमलाबाईंना सारं क्षणात कळलं. चाळीस वर्षांचा संसार होता त्यांचा. त्यांनी आफीला पाणी दिलं, माझी किल्ली दिली आणि म्हणाल्या, "दोन दिवस चालवून बघ. कागदांचं नंतर पाहू."

आफी मला घेऊन कोपऱ्यावर हवा भरायला गेली. परत येऊन ती हेल्मेट मागायला दारात उभी राहणार, तेवढ्यात आतून आवाज आले आणि ती बिचारी बाहेरच थांबली. धड्यातल्या मराठीत असतं तर तिला कळलं असतं. या भरभर चाललेल्या भांडणातलं तिला काही समजलं नाही. मला मात्र शब्द न् शब्द समजला.

"अगं, मी काय खरंच म्हटलं का?" रंगनाथराव म्हणत होते. "शेंबडं पोरही समजेल."

"काहून समजावं तिनं?" विमलाबाई चिडल्या की त्यांचं यवतमाळ वर येतं. "मी समजले होते का?"

मग त्याच पुढे म्हणाल्या,

"लग्नानंतरची पहिली सकाळ आठवते? मला उठायला उशीर झाला. तुम्ही दारात येऊन म्हणालात, 'झोपा अजून, चहा आम्ही करतो.' आमच्याकडे असं उलटं बोलत नाहीत बाप्पा. मला वाटलं, किती चांगला नवरा मिळाला. मी पांघरूण घेऊन परत झोपले. मग घरभर हसले सगळे. दर दिवाळीला ती गोष्ट निघायची. तुम्हीही हसायचात. मी पण हसायला शिकले, काय करणार. पण मला ते आजही दुखतं. गाडी माझी आहे. आता शब्द गेला तुमच्या तोंडून. त्या पोरीवर कुणी हसायचं नाही."

थोड्या वेळाने दार उघडलं आणि विमलाबाईंनी आफीच्या हातात हेल्मेट ठेवलं.

पुढचे दोन दिवस माझे मजेत गेले. खराडीपर्यंत जायचं म्हणजे माझ्या वयाला जरा लांबच, पण मोकळ्या रस्त्यावर जीव हरखून गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये आफीने मैत्रिणीला, शेफालीला, सगळी हकिकत सांगितली. शेफाली हसून हसून माझ्या सीटवर बसली. "अगं वेडे, पुण्यात 'फुकट न्या' म्हणजे 'चालू पड'. ते सार्कॅझम होतं."

आफी हसली नाही. तिने स्कार्फ बांधला, घट्ट, डोळ्यांपर्यंत. त्या संध्याकाळी ती मला सांभाळून, अगदी हळू चालवत परत कर्वेनगरात घेऊन आली. वाटेत एकदा तिने माझ्या हँडलवर थोपटलं. मला कळलं, हा निरोप आहे. महिना संपायला दोन दिवस उरले होते.

विमलाबाई भाजीला गेल्या होत्या. दार रंगनाथरावांनी उघडलं. आफीने किल्ली पुढे केली.

"काका, मला माफ करा. तुम्ही चेष्टा केली होती. मला चेष्टा कळत नाही. पेट्रोल मी भरलं आहे."

मित्रांनो, किल्ली घेतली असती तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. थट्टाच होती ती. विमलाबाईही घरात नव्हत्या. रंगनाथराव किल्लीकडे बघत राहिले, मग तिच्या बांधलेल्या तोंडाकडे. त्यांचे ओठ हलले, पण सरळ शब्द काही सापडेना. आयुष्यात सवयच नाही. शेवटी ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "चेष्टा? मी? मी कधी चेष्टा करत नाही. कर्वेनगरात कुणालाही विचार."

इतकं धादांत खोटं मी आजवर ऐकलं नाही. गेटावरचा वॉचमन तर दचकून खुर्चीतून उठला.

आफीने स्कार्फ सोडला. या वेळी तिला बरोबर कळलं होतं.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही फार खोटं बोलता."

"शिकतेस हो लवकर," रंगनाथराव म्हणाले. आणि मग, घसा खाकरून, जड जड एक एक शब्द टाकत: "पोरी, त्या दिवशी मी चुकलो. गाडी तुझीच."

मागे पायऱ्यांशी विमलाबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. कधीपासून ते मला माहीत नाही. त्या आत गेल्या. जाताना पिशवी त्यांनी रंगनाथरावांच्या हातात दिली.

आफी काही फुकट घ्यायला तयार होईना. मग भाव ठरवायला बसले. विमलाबाई म्हणाल्या, गाडी माझी, भाव मी सांगणार, भंगारवाला दोन देत होता, तेवढेच दे. आफी म्हणाली, पंधरा. विमलाबाई तीन म्हणाल्या, आफी चौदा. गिऱ्हाईक भाव चढवतंय आणि मालकीण उतरवतेय, अशी घासाघीस मी बापजन्मात पाहिली नव्हती. शेवटी आठ हजारांवर ठरलं. माझा मान थोडा कमी झाला खरा, पण कुणी तोंड बघून लावलेला भाव नव्हता तो. तो घरचा भाव होता.

नावावर व्हायला आरटीओचे हेलपाटे, तिच्या राहण्याचा दाखला, कंपनीचं पत्र, असं सगळं लागणार होतं. पण सोसायटीच्या वहीत मी "वापरात" झाले, आणि भंगारवाल्याने हाक मारायचं सोडलं. ती रात्र मी शेवटची त्या खिडकीखाली काढली. सकाळी उजाडलं, कबुतरं घुमायला लागली, आणि आतून रंगनाथरावांचा आवाज आला.

"झोप अजून. चहा मी करतो."

पलंग करकरला. विमलाबाई सवयीने उठून बसल्या असणार. मग ओट्यापाशी भांडं आदळलं, गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि डबे उघडायला लागले. साखरेचा कोणता, चहाचा कोणता, हे चाळीस वर्षांत बघितलेलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं नाही.

मित्रांनो, आता मी आफीकडे असते. आमच्या जातीचं काही मागणं फार नसतं. महिन्याकाठी एकदा पुसा, टायरमध्ये हवा ठेवा, आणि काम सरलं म्हणून चादरीखाली विसरू नका. आणि कुणी परगावचं, परमुलखाचं माणूस तुमच्याशी बोलायला आलं, तर जरा जपून बोला. तुम्ही जे म्हणाल ते खरं मानून ते घरी घेऊन जातं.

तो चहा फार गोड झाला होता असं विमलाबाई नंतर आफीला सांगत होत्या. पण त्या सकाळी, मी खिडकीखालून ऐकलं, त्या उठल्या नाहीत. पांघरूण घेऊन परत झोपल्या, आणि चहा येईपर्यंत झोपून राहिल्या.