सोबतीचा कुत्रा

प्रताप कारखानीस बँकेत रिस्क मॅनेजमेंट बघायचा; म्हणजे काय बुडणार ते इतरांना आधी सांगायचं. घरात एक चिठ्ठी वाचून दाखवायला मात्र त्याला आठवडा लागला.

मेक्सिकन बॉस बदली होऊन जाताना मातीचा कुत्रा देऊन गेला होता. लालसर, गुळगुळीत, पोट सुटलेला. आईने तो तडक दत्ताच्या तसबिरीखाली बसवला. "चार आहेतच, हा पाचवा." त्याचं खोकं टाकताना प्रतापला तळाशी चिठ्ठी सापडली: असे कुत्रे दोन हजार वर्षांपूर्वी थडग्यात ठेवत, मेलेल्याला पुढची वाट दाखवायला. ही त्यांची नक्कल.

सोमवारी आईची बायपास होती.

नकलेने काय होतंय, असं त्याने स्वतःला बजावलं. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कमध्ये दोन फेऱ्या मारल्या, परत बजावलं. मग कुत्रा बुटांच्या कपाटात लपवला. आईने काढला, धुतला, जागेवर बसवला.

"देवापुढचं चपलांत ठेवतोस? करतो तरी काय हा?"

"सोबत करतो," प्रताप म्हणाला. खोटं नव्हतं. रिस्कवाल्यांना अर्धं सांगायची सवय असते.

रविवारी दुपारी हॉस्पिटलची बॅग तपासायला घेतली, तर दोन गाउनांच्या मध्ये कुत्रा.

"सार्सच्या साथीमुळे वॉर्डात घरच्या कुणाला सोडत नाहीत म्हणालास ना," आई म्हणाली. "म्हटलं, हा येईल."

प्रताप हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल करू लागला. त्याची बायको सुचित्रा भेंडी चिरत होती. "सांग तरी, नाहीतर बस तरी. फरशी भाड्याची आहे."

त्याने सांगितलं. आई पलंगावर बसून बॅगेतल्या कुत्र्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत ऐकत होती.

"म्हणजे मेल्यावरची सोबत."

"हो."

"मग राहू दे घरीच. मेल्यावरचं मी बघेन. मला भीती उद्याची आहे." तिने कुत्रा बॅगेतून काढून त्याच्या हातात दिला. "आठवडाभर घरात तूच घाबरतोयस. मला वावच नाही."

"अगं, हल्ली अठ्ठ्याण्णव टक्के केसेसमध्ये…"

"टक्के ऑफिसात सांग. मी घाबरलेय, प्रताप."

सुचित्राची सुरी थांबली.

"मीही," तो म्हणाला.

आई पलंगावर जरा सरकली. तो शेजारी टेकला. मग संध्याकाळपर्यंत दोघं व्यवस्थित घाबरत बसले.