योगिताची बदली

बदली या शब्दाची देवजीला धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती. जव्हारच्या एका सरकारी कचेरीत तो शिपाई होता, आणि त्या कचेरीत कुणी हौसेने आल्याचं त्याने पाहिलं नव्हतं. कुणी वरिष्ठांशी भांडलेला, कुणी कसल्या चौकशीत अडकलेला, कुणी नुसताच तोंडाचा फटकळ. अशांना वरून उचलून इकडे डोंगरात टाकत. ते तोंड पाडून यायचे आणि आल्या दिवसापासून बदली रद्द करून घ्यायच्या खटपटीला लागायचे. पुढे कधी इथून जायची वेळ आली, की बदली झाली असंही कुणी म्हणायचं नाही, सुटलो म्हणायचे. त्यामुळे देवजीच्या लेखी बदली म्हणजे सरळसरळ शिक्षा. माणसाने काहीतरी केल्याशिवाय ती होत नाही.

तर जुलैतल्या एका दुपारी, भाताची लावणी ऐन भरात असताना, कॉलेजचा कारकून गोकुळ त्याला टपरीवर भेटला आणि हसत म्हणाला, "काय देवजीभाऊ, पोरीची बदली झाली ना नाशिकला? पेढे कुठायत?"

गोकुळ मुळातच थट्टेखोर. योगिता जव्हारचं कॉलेज सोडून नाशिकच्या कॉलेजात चालली आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. देवजीच्या हातातला चहा मात्र तिथेच निवला. आपली शहाणी पोर कॉलेजात काय करून बसली, हे त्याला कळेना.

खरं म्हणजे यात गुपित काहीच नव्हतं. योगिता शाळेत असल्यापासून धावायची. कॉलेजात गेल्यावर तिथल्या खेळाच्या मास्तरांनी, कमलेश सरांनी, तिला पुढे काय करणार म्हणून विचारलं. ती म्हणाली, बीए करीन, मग जमलं तर मास्तरीण होईन. "आणि धावणं?" सरांनी विचारलं. आणि मग त्यांनीच तिला वाट आखून दिली. पहिलं वर्ष इथेच चांगल्या मार्कांनी काढायचं, विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरायचं, आणि मग इथला दाखला काढून नाशिकला व्यायामशास्त्राच्या पदवीला जायचं. इथे पास झालेले भाषांचे विषय तिथे पुन्हा द्यावे लागणार नाहीत, हेसुद्धा सर स्वतः एसटीने जाऊन विचारून आले होते. स्नायू का थकतो, श्वास कुठे अडतो, जायबंदी झालेल्याला पुन्हा मैदानात कसं उतरवायचं, हे सगळं तिथे शिकवतात म्हणे. सख्ख्या माणसाने केलं नसतं एवढं त्या परक्या माणसाने केलं, असं योगिता मैत्रिणींना सांगत सुटली होती.

तिने घरीही सांगितलं होतं. पण "नाशिकला खेळाचा शिकायला जानार" हे ऐकून देवजी नुसता "बरा" म्हणाला आणि विळ्याला धार लावत राहिला. खेळ शिकायला कॉलेज असतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरलीच नाही. बदली मात्र लगेच शिरली.

दुसऱ्या कुणी आधी पोरीला विचारलं असतं. देवजीने विचारलं नाही. शिक्षा झालेल्या माणसाला ती कशाबद्दल झाली हे विचारू नये, ही त्याच्या कचेरीतली रीत होती. त्याने अर्धी रजा टाकली, चिखलाचे पाय धुतले आणि थेट प्राचार्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, पोर लहान हाय. तिचा काय चुकला असंल तर मी माफी मागतो. पन तेवढी बदली रद करा."

प्राचार्य भले गृहस्थ. त्यांना वाटलं, बापाच्या मनात पोरीला लांब धाडायचं नाही, म्हणून असं आडून बोलतो आहे. "विचार करा देवजी, संधी चांगली आहे," असं ते एकदा म्हणाले. देवजीने विचार केल्याचं सांगितलं. मग त्यांनी गोकुळला बोलावून, वडिलांची हरकत आहे, तेव्हा मुलीचा दाखला देऊ नका, असं बजावलं. देवजी आनंदात बाहेर पडला. साहेब लोकांना जे महिनोन् महिने जमत नाही ते आपण एका दुपारी करून दाखवलं, असं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी आपल्या गावी, दाभोशाला, घरी जेवताना त्याने ते जाहीरही केलं. "घाबरू नको बाय. तुझी बदली थांबवली मी."

योगिताचा घास हातातच राहिला. त्याचं बोलणं संपल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "बा, ती शिक्षा नव्हती. मीच मागितलेला. उद्या दाखला घेऊन निघायचा होता. परवा तिथली मुदत सरते."

त्यात प्राचार्य सकाळच्या सातच्या गाडीने ठाण्याला मीटिंगला जाणार होते, ते आठवड्याने परतणार. सरांचा आखलेला सगळा बेत देवजीने एका नमस्कारात मोडला होता. त्याची बायको सुकरी कपाळावर हात मारून म्हणाली, "एवढी वर्सं कचेरीत पानी वाटलास, एक शबूद धड शिकला नाय."

देवजीला ते लागलं नाही. त्याला दुसरंच लागलं होतं. "म्हंजे तुला हितून सुटायचा हाय?" त्याने पोरीला विचारलं. ती ताट घेऊन उठली आणि बाहेर पागोळीखाली ते घासत बसली. ती रागावली असती तर बरं, असं देवजीला वाटलं.

सकाळी प्राचार्यांना गाडी सुटायच्या आत गाठायला दोघं गावातल्या पांड्याच्या पहिल्या जीपने निघाले, आणि जव्हारच्या अलीकडच्या चढाला जीपचा क्लच गेला. पांड्या गाडीखाली शिरला तो बाहेर यायचं नाव घेईना. योगिता एकटी असती तर चढ पळत जाऊन तिने एसटी गाठली असती. पण हरकत बापाची होती, ती बापाच्याच तोंडाने निघायला हवी होती. आणि बाप तर पहिल्याच वळणावर छाती धरून उभा राहिला.

"ढांगा टाकू नको बा. बारीक पाय टाक," ती म्हणाली. "तोंडानं श्वास सोड. पुरा सोड, मग आतला आपोआप येतो. आनि बोलू नको."

देवजी सांगितलं तसं करत गेला. थांब म्हटलं की थांबला, चल म्हटलं की चालला. जन्मभर साहेबांच्या हाकेसरशी तो धावला होता, पण कसं धावावं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चढ संपता संपता त्याची छाती मोकळी झाली. ही पोर जे शिकायला चालली आहे ते काय आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एसटी स्टँडवर कंडक्टर घंटीची दोरी ओढणार, इतक्यात रोजच्या ओळखीच्या देवजीला असा पळत येताना पाहून त्याने हात आवरला.

प्राचार्य खिडकीशीच होते. देवजीला बोलायची घाई झाली, तशी योगिता म्हणाली, "आधी दम घे. सायेब थांबतील." आणि साहेब खरोखरच थांबले.

"सायेब, माजी हरकत नाय," तो अखेर म्हणाला. "पोरीला जाऊ द्या. बदली म्हंजे शिक्षाच असती, असा समजून मी आलो होतो."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "म्हणजे काल तुम्ही माफी मागत होता ती खरीच? तिने काय केलं हे माहीत नसताना?"

"काय का केला असंना," देवजी म्हणाला. "पोर माजी हाय."

योगिताला हे माफीचं ठाऊकच नव्हतं. तिने मान खाली घातली आणि बापाच्या सदऱ्याची बाही धरली. प्राचार्यांनी गोकुळच्या नावाने दोन ओळी खरडून चिठ्ठी तिच्या हाती दिली, आणि गाडी निघाली.

देवजी स्टँडवरच्या बाकावर बसला. त्याला भरून आलं होतं. ज्या सरांना तो अजून धड भेटलाही नव्हता त्यांचे, साहेबांचे, कंडक्टरचे, फार काय पांड्याच्या मोडक्या जीपचेही उपकार कसे फेडावेत, हे त्याला सुचत नव्हतं. योगिता त्याचं मनगट धरून समोरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजत होती. इथून गेलेला एकूण एक साहेब "येतो रे देवजी परत" म्हणून गेला होता, आणि त्यातला एकही कधी आला नव्हता. म्हणून त्याने पोरीला काही विचारलं नाही.

तिनेही येईन वगैरे काही म्हटलं नाही. मनगट सोडून ती म्हणाली, "छाती कमजोर झाली तुझी. दिवाळीला सुट्टी लागली का रोज पहाटं ह्याच चढावर नेते तुला. तवर बिडी बंद."

देवजीने खिशातलं बिडीबंडल काढून तिच्या हातावर ठेवलं, आणि दोघं दाखला घ्यायला कॉलेजकडे निघाले.